राजकन्येचे शील आणि ताराबाईंचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने सभागृहाच्या कोपऱ्यातील लहानशा वाचनालयाची साफसफाई करावयास घेतली. वाळवीने खाल्लेली चरित्रे, निम्मी पाने गळालेले धर्मशिक्षणाचे पाठ, आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून निवृत्त होऊन गेलेल्या एका कुटुंबाने भेट म्हणून धाडलेली दोन खोकी इंग्रजी कादंबऱ्या, असा तो सारा संसार होता. खोकी उघडताच मुलींनी त्यांवर झडप घातली. राजवाडे, पंख असलेले प्राणी, शाप, शेकडो वर्षे तारुण्य न सरणारे देखणे पुरुष आणि त्यांच्या दृष्टीस पडताच भान हरपणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली. विज्ञान शाखेत शिकणारी एक मुलगी त्यातील एक पुस्तक दोन आठवड्यांनी परत करावयास आली, तेव्हा आम्ही सहज विचारले, "कसे वाटले गं?" ती म्हणाली, "फादर, यात सगळे नवे असते. मुलगी मात्र जुनीच असते."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. आम्ही ते पुस्तक मागून घेतले आणि रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर चार दिवसांत वाचून काढले. (वाचकांनी हसू नये. धर्मगुरूंच्या टेबलावर असे पुस्तक पाहून आमच्या स्वयंपाकीणबाईंना जे हसू आले तेवढे पुरे आहे.) पुढे याच जातीची आणखी दोन-तीन चाळली. त्यांत २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली, स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' ही गाजलेली कादंबरीही होती. तिचा नायक शतायुषी रक्तपिपासू. तो नायिकेला न सांगता रात्री तिच्या खोलीत येतो आणि ती झोपेत असताना तिला न्याहाळत बसतो. वाचणाऱ्या मुलीने यास पाळत म्हणावयाचे नाही, प्रेम म्हणावयाचे, अशी लेखिकेची अपेक्षा आहे. त्याच्या संयमाचे कौतुक पानोपानी होते, आणि तिचे शील जणू त्याच्याच तिजोरीत ठेवलेली ठेव. मालकी त्याची, जपणूक त्याची, संकट मात्र तिच्यावर.

आमच्या मुलीचे म्हणणे खरे होते. पण 'जुनी' म्हणजे किती जुनी, हे पाहण्यासाठी आम्हांस दूरदेशी जावे लागले नाही. आमच्या स्वतःच्या भाषेत ही मुलगी १८६१ सालीच अवतरली होती.

त्या वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. मागोमाग १८६६ साली त्यांचीच 'रत्नप्रभा' आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार या कादंबऱ्यांना अद्भुतरम्य म्हणतात. राजे, प्रधान, उद्याने, कारस्थाने, अरण्यातील ताटातूट, दैवयोगाने घडलेल्या भेटी, आणि या सर्वांच्या मधोमध एक अप्रतिम सुंदर, अत्यंत सुशील नायिका. तिच्यावर एखाद्या दुष्टाचा डोळा असावयाचा, तिने अनंत हाल सोसावयाचे, पण तिच्या पातिव्रत्यास वा कौमार्यास धक्का लागावयाचा नाही. अखेरीस ती आपल्या पुरुषास अखंड व निष्कलंक अशी परत मिळावयाची. मुद्रणकला नवी होती, वाचक नवा होता आणि या पुस्तकांनी त्यास वेड लावले. आपणही त्या काळी असतो तर आपणही वाचली असती.

रिसबुडांचा मात्र आम्हांस एका कारणासाठी आदर वाटतो. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत त्यांनी प्रामाणिकपणे आपली अडचण सांगून टाकली आहे. तिचा आशय असा, की आपल्या लोकांतील विवाहाच्या व इतर चालीरीतींमुळे आपल्या रोजच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे काही सापडत नाही. जे नित्य घडते ते लिहावे तर त्यात गोडी नाही, म्हणून लेखकास अद्भुताकडे वळणे भाग पडते. आम्ही जेव्हा हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो. कारण हे निमित्त वाङ्मयाचे असले, तरी आतील कबुली समाजाची आहे. आठव्या-नवव्या वर्षी मुलीचे लग्न लागत होते. तिने कोणास पाहावे, कोणास पसंत करावे, कोणास नाकारावे, याला तिच्या आयुष्यात जागाच नव्हती. मग प्रेमकथा घडवावयाची कोठे? ती पृथ्वीवर घडत नाही म्हणून अद्भुत नगरीत न्यावी लागली. १८९१ साली सरकारने संमतीवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तर केवढा गदारोळ उठला हे सर्वांस ठाऊक आहे. 'मंजुघोषा' त्याच्याही तेवीस वर्षे आधीची.

म्हणजे स्वप्ननगरीत पोहोचल्यावर तरी मुलीस मोकळीक मिळावयास हवी होती. तेथे शास्त्री नव्हते, भाऊबंद नव्हते, पंचायत नव्हती. लेखणी जे म्हणेल ते घडावयाचे. परंतु तेथेही लेखकाने सोबत नेले ते सोवळेच. सारे जग नव्याने रचता येत असताना त्याने बायकांसाठी जुनाच वाडा बांधला, फक्त भिंतींना रत्ने जडविली. आमच्या मुलीने नेमके हेच पाहिले होते.

या गुणवती राजकन्येची एक सावत्र बहीणही त्याच काळात बाजारात फिरत होती. १८५४ साली रामजी गणोजी यांचे 'स्त्रीचरित्र' छापून आले. त्यात बायकांचे कपट, त्यांची हिकमत, त्यांचा चंचलपणा यांच्या गोष्टी. वाचक एका हाताने 'मुक्तामाला' घेई आणि दुसऱ्या हाताने 'स्त्रीचरित्र'. एकीत बाई देवी, दुसरीत बाई कपटाची पेटी. घरात वावरणारी, चुलीपुढे खोकणारी, हिशेब ठेवणारी, कधी चिडणारी, कधी चुकणारी बाई मात्र दोहोंतही नाही.

ही गोष्ट ज्या स्त्रीने प्रथम ओळखली आणि छापून दाखविली ती आमच्या शेजारची. शेजारची म्हणजे शब्दशः शेजारची. आमच्या जळगाव जिल्ह्याची पूर्वेची शीव ओलांडली की मलकापूर, आणि तेथून वर घाट चढला की बुलढाणे. तेथे ताराबाई शिंदे राहत. वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत मुख्य कारकून आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनी मुलीस मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकविले. मराठा घराण्याच्या रीतीप्रमाणे बायकांना पडदा होता, पण ताराबाई तो फारसा मानीत नसत असे दिसते. नवरा घरजावई म्हणून आणलेला होता. मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून काळ्यापाण्याची शिक्षा दिली व तीही नंतर कमी झाली. पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पुण्याच्या 'पुणेवैभवा'ने या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर कोरडे ओढले. ज्या पुरुषापासून ते मूल झाले होते त्याचा ठावठिकाणा कोणी विचारीत नव्हते. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी हे वाचले, आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापून निघाली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

हा निबंध संतापाने लिहिलेला आहे. तो घाईचा आहे, एका श्वासात बोलल्यासारखा आहे, विरामचिन्हांची पर्वा नाही, म्हणींचा सुकाळ आहे. विद्वान मंडळींस तो अशिष्ट वाटला तर नवल नाही. ताराबाई विचारतात, की जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत काय? पतीला देव मानावे म्हणता, मग त्याने देवासारखे वागावयास नको काय? बायको मेली की दुसरी आणता, आणि नवरा मेला की तिचे केस, कुंकू, मंगलकार्यातील जागा सारे हिरावून घेता, हा न्याय कोणता? मग त्या देवांनाच धारेवर धरतात, कारण पुराणांतील देवांचे वर्तन तरी कोठे निर्मळ आहे!

पण आमच्या आजच्या विषयासाठी त्यांचा दुसरा एक भाग अधिक मोलाचा आहे. त्या थेट पुस्तकांवर घसरतात. 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' आणि 'मनोरमा' हे नाटक, ही नावे घेऊन त्या लेखकांस जाब विचारतात. अशा बायका तुम्ही पाहिल्यात कोठे? राजवाड्यांतील हे प्रकार घडतात कोणत्या घरी? मराठीत एखाद्या वाचक स्त्रीने लोकप्रिय वाङ्मयातील स्त्रीचित्रणाची अशी तपासणी केल्याचे याहून जुने उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आज यास मोठमोठ्या नावांचे शास्त्र झाले आहे आणि विद्यापीठांतून पदव्या मिळतात. ताराबाईंपाशी पदवी नव्हती. त्यांच्यापाशी घरात आलेली चार पुस्तके होती आणि ती वाचताना चढलेला राग होता.

पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधकांपैकीही काहींना ते रुचले नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यांना हे नवे नव्हते. त्यांनी व सावित्रीबाईंनी १८६३ सालीच पुण्यात अडलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला होता. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. पाचशे प्रती विरून गेल्या. १९७५ साली स. गं. मालशे यांनी हा निबंध पुन्हा संपादून छापला तेव्हा कोठे मराठी वाचकास आपली ही लेखिका भेटली. मधली ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षे ती जवळजवळ नव्हतीच.

येथे आमचे ख्रिस्ती वाचक म्हणतील, की फादर, आपले बाबा पदमनजी विसरलात काय? विसरलो नाही. 'मुक्तामाले'च्या चार वर्षे आधी, १८५७ साली, त्यांचे 'यमुनापर्यटन' निघाले आणि त्यात अद्भुत नगरी नाही, तर खऱ्या वाटा, खरी गावे आणि खऱ्या विधवांची दुःखे आहेत. यमुना स्वतः विधवा होते, पुढे ख्रिस्ती होऊन पुन्हा विवाह करते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान योग्यच आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून आपण हात झटकून मोकळे होऊ नये. दुसऱ्याच्या घरातील केशवपन पाहणे सोपे असते. आपल्या घरातही राजकन्या आहेत आणि त्यांना आपण बुरुजात ठेवले आहे.

बुरूज हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. तेराव्या शतकात डोमिनिकन धर्मबंधू याकोबुस द वोराजिने यांनी संतचरित्रांचा जो विख्यात संग्रह रचला, 'सुवर्णकथा' म्हणून जो युरोपभर वाचला गेला, त्या परंपरेतील संत बार्बरा आठवाव्यात. त्यांच्या सौंदर्यावर कोणाची दृष्टी पडू नये म्हणून वडिलांनी त्यांना बुरुजात कोंडले, आणि अखेर त्यांच्याच हाताने त्यांचा शिरच्छेद झाला. इतिहास म्हणून या कथेस पुरावा नाही. १९६९ साली ख्रिस्तसभेने आपली सर्वसाधारण संतदिनदर्शिका तपासून सुधारली तेव्हा संत बार्बरा यांचा दिवस त्यातून वगळला. परंतु कथा मनातून वगळता येत नाही. सुंदर कन्या, क्रूर पुरुष, छळ, चमत्कार, अखंड कौमार्य, मृत्यू. हा साचा शतकानुशतके व्यासपीठावरून सांगितला गेला. या संतांच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती सांगणाऱ्यांच्या निवडीविषयी. त्या मुलींच्या धैर्याऐवजी त्यांच्या शरीराचाच हिशेब आम्ही अधिक का ठेवला?

याहून वेगळे सांगणारा आवाज ख्रिस्तसभेत पहिल्यापासून होता, हे विसरता कामा नये. इ. स. ४१० मध्ये आलारिकच्या सैन्याने रोम लुटले. अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरही, बलात्कार झाले. लोक कुजबुजू लागले, की या जिवंत कशा राहिल्या? रोमन लोकांपुढे लुक्रेशियाचा आदर्श होता. तिने अत्याचारानंतर स्वतःच्या छातीत खंजीर खुपसून घेतला होता. संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात या कुजबुजीस उत्तर दिले. पावित्र्य हा मनाचा गुण आहे. मनाने संमती दिली नाही तर दुसऱ्याने शरीरावर केलेल्या जबरदस्तीने ते नष्ट होत नाही. या स्त्रियांनी काही गमावलेले नाही आणि स्वतःस मारण्याचे त्यांस काही कारण नाही. लुक्रेशिया निर्दोष होती तर मेली का, असा त्यांचा पेच आहे. येथे ऑगस्टीन यांची वकिली थोडी निष्ठुर होते असे आम्हांस वाटते, कारण त्या बिचारीस मरावयास लावणारे जग कटघऱ्याबाहेरच राहते. तरीपण सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपांनी जिवंत राहिलेल्या स्त्रियांची बाजू घेतली, ही लहान गोष्ट नव्हे. सेमिनरीत हा ग्रंथ आम्हांस शिकविला गेला तो राज्य आणि धर्म यांच्या संबंधांसाठी. हे प्रकरण परीक्षेस नव्हते.

परीक्षेस नव्हते, म्हणून आमच्या हातून पुढे जे घडले तेही येथे लिहिले पाहिजे. दीक्षा होऊन आम्हांस थोडी वर्षे झाली होती. ६ जुलै, संत मारिया गोरेत्ती यांचा सण. इटलीतील एका गरीब, वाट्याने शेती कसणाऱ्या कुटुंबातील अकरा वर्षांची ही पोर. वडील हिवतापाने वारलेले, आई शेतात, धाकट्या भावंडांचे सर्व हिच्याकडे. १९०२ साली त्याच घरात राहणाऱ्या अलेसांद्रो सेरेनेल्ली याने तिच्यावर जबरदस्ती करू पाहिली आणि तिने विरोध करताच तिला भोसकले. दुसऱ्या दिवशी, त्यास क्षमा करून, ती मरण पावली. १९५० साली पोप पायस बारावे यांनी तिला संतपद दिले. आम्ही त्या दिवशी मोठ्या आवेशात प्रवचन केले, की अब्रू जाण्यापेक्षा प्राण गेलेला बरा, हा संत मारियाचा संदेश आहे.

मिस्सेनंतर एक मध्यमवयीन बाई वस्त्रागाराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, मी मेले नाही. जगले. मग मी कोण?" आणि उत्तराची वाट न पाहता पायऱ्या उतरून गेल्या. आमच्या अंगावर अजून पूजाविधीची वस्त्रे होती. ऑगस्टीन आम्हांस पाठ होते आणि त्या क्षणी त्यातील एक शब्दही आठवला नाही.

त्या लेकराने आपल्या मारेकऱ्यास केलेली क्षमा आम्ही प्रवचनात एका ओळीत उरकली होती. तो पुरुष तुरुंगातून सुटल्यावर तिच्या आईच्या पायांशी आला, हेही सांगितले नव्हते. अपराध कोणाचा, हा प्रश्नच आम्ही विचारला नव्हता. 'स्त्रीचरित्रा'च्या वाचकात आणि आमच्यात त्या सकाळी फारसा फरक नव्हता.

या प्रश्नाची किंमत आमच्या जळगावने तर फार मोठी मोजलेली आहे. १९९४ साली येथे तरुण मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून, धाक घालून त्यांचे शोषण केल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि गावाचे नाव देशभर झाले. आम्ही तेव्हा पुण्यात शिकत होतो. खानदेशातून आलेला म्हटले की सहाध्यायी विचित्र नजरेने पाहत. त्या मुलींपैकी बऱ्याचजणी तक्रार देण्यास, साक्ष देण्यास पुढे येईनात. गुन्हेगारांचे खरे हत्यार छायाचित्रे नव्हती. ती दिसल्यावर शेजारीपाजारी काय म्हणतील हे त्यांना पक्के माहीत होते, आणि ते आपण सर्वांनी मिळून त्यांच्या हाती दिलेले होते. ज्या मुलीचा काही अपराध नाही तिनेच तोंड लपवावे, हे शिकविणारी गोष्ट तिला कोणी सांगितली होती? आजीने सांगितली, कीर्तनकाराने सांगितली, कादंबरीने सांगितली आणि आमच्यासारख्याने सणाच्या दिवशी सांगितली.

अद्भुत कथा वाचूच नयेत, असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. स्वप्ननगरीचा उपयोग दुसरा करता येतो, हेही मराठीतच एका बाईंनी दाखविले आहे. काशीबाई कानिटकर यांनी १९२८ साली 'पालखीचा गोंडा' लिहिली. त्यातही संस्थान आहे, राजवाडा आहे, राणी आहे. पण मंदबुद्धी राजाशी लग्न लावून दिलेली ही नायिका सुटकेसाठी कोणा वसंतमाधवाची वाट पाहत बसत नाही. राज्याचा कारभार हाती येतो आणि बायकांच्या शिक्षणासाठी, त्यांच्या हक्कांसाठी तो चालविला जातो. वाङ्मय म्हणून ती फार सरस आहे असे आम्ही म्हणणार नाही, मध्येच ती व्याख्यान होऊन बसते. पाच वर्षांनी आलेले विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' कितीतरी अधिक जिवंत आहे, आणि त्यासाठी लेखिकेस टोपणनावाच्या आड राहावे लागले. पण पालखीतल्या राणीने निदान वाड्याची खिडकी उघडली.

आणि येथून हाकेच्या अंतरावर, आसोद्याची लेक आणि जळगावच्या चौधरीवाड्याची सून बहिणाबाई, तिशीत विधवा झाल्या. अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांनी ना 'मुक्तामाला' वाचली ना 'स्त्रीपुरुषतुलना'. कपाळ मोकळे झाल्यावर आपले नशीब सांगावयास आलेल्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठविणारी त्यांची कविता आमच्या मुलींना शाळेपासून ठाऊक आहे. राजकन्येच्या तोंडी असे बोल घालण्याचे हळबे-रिसबुडांना सुचले नसते.

आता वाचनालयाविषयी. खोकी आम्ही परत पाठविली नाहीत, पुस्तके मांडणीवर लावली. शेजारी 'स्त्रीपुरुषतुलने'ची एक प्रत ठेवली. एका पालकांनी येऊन सौम्य शब्दांत हरकत घेतली. इंग्रजी कादंबऱ्यांना नव्हे, ताराबाईंना. विज्ञान शाखेतील ती मुलगी सध्या ती प्रत घरी घेऊन गेली आहे आणि मुदत उलटून तीन आठवडे झाले तरी परत करावयाचे नाव घेत नाही. दंड मागावा की नाही, हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही.

६ जुलै जवळ येत आहे. प्रवचनाची टिपणे काढावयास बसलो आहोत. त्या बाई आता या धर्मग्रामात राहत नाहीत, पण आमच्या डोळ्यांपुढे त्या अजूनही वस्त्रागाराच्या दारातच उभ्या आहेत, आणि पहिले वाक्य काही केल्या सुचत नाही.